खडा विरघळेपर्यंत

मार्गशीर्षी पौर्णिमेला कोलशेतच्या खाडीत भरती ऐन मध्यान्ही येते. ती येण्याआधी पंढरीला एक वाक्य म्हणायला तयार व्हायचे होते, आणि सूर्य नारळीच्या शेंड्यावर आला तरी तो तयार झाला नव्हता. वाक्य मोठे नव्हते. पावसाळा सरून बांधाची डागडुजी झाली की या दिवशी मिठागराची उघाडी, म्हणजे खाडीचे पाणी वाफ्यांत घेणारी लाकडी फळी, वर उचलायची, आणि ती उचलण्याआधी बांधाची राखण करणाऱ्या धनीच्या शेंदरी दगडापुढे नारळ फोडून घरच्या कर्त्याने मोठ्याने म्हणायचे: "धनी, तू हायस म्हणून बांध हाय."

आजोबांनी ते म्हटले होते. बापाने तीस वर्षे म्हटले. जो म्हणतो त्याच्या शब्दावर वर्षभर मिठागर चालते. पण श्रावणापासून बापाचा, नाथाचा, उजवा हात कापू लागला होता, आणि नारळ एका घावात फुटला नाही तर सगळ्या मिठागराच्या मनात पाल चुकचुकते, म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच त्याने ओटीवर जाहीर केले होते, "यंदा माझा पंढरी म्हणेल."

पंढरीने तेव्हा मान हलवली होती. मान हलवणे हे त्याचे लहानपणापासूनचे उत्तर होते. ठाण्याच्या शाळेत सहा इयत्ता करून आता तो तिथेच खालच्या वर्गाला शिकवी. पोरांसमोर त्याला बोलता येई, घरात येत नसे. खाडीच्या वाटेने एकटा घरी येताना तो मनातल्या मनात मोठमोठी वाक्ये रची, आणि अंगणात पाऊल पडताच ती ओहोटीच्या पाण्यासारखी कुठल्या कुठे निघून जात.

आज मात्र त्यांतले एक वाक्य मागे राहिले.

"आय," तो चुलीपाशी जाऊन म्हणाला, "ते माझ्याच्याने म्हणवणार नाही."

सखुबाई तांदळाची भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "लाज वाटते? घरचीच तर माणसं असतात."

"लाज नाही. मला ते खरं वाटत नाही."

आता हात थांबले. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. "कधीपासून?"

"बांध फुटला तेव्हापासून."

"दोन वर्षं?" तिने त्याच्याकडे असे पाहिले, जसे कुणी बरेच दिवस घरात राहून गेलेल्या आजाराचे नाव आज पहिल्यांदा ऐकावे. "दोन वर्षं हे पोटात घेऊन माझ्या हातचं जेवतोस, आणि मला कळलं नाय." मग तिने भाकरी उलटली. "करपली बघ तुझ्यापायी. बापाला सांगितलंस?"

"नाही."

"मग चुलीपाशी सांगायची गोष्ट नाय ही. आत्याला जाऊन सांग, मडकं काढ म्हणावं."

मडके म्हणजे मिठाचे मडके. ते वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेळी निघे. पणजोबांच्या काळी दोघे भाऊ पाण्याच्या वाटपावरून भांडत आणि दोघेही एकाच वेळी बोलत, तेव्हा त्यांच्या आईने दोघांच्या तोंडात मिठाचा एकेक खडा कोंबला आणि बजावले, की एकाचा खडा काढते, तो बोलेल. दुसऱ्याने आपला विरघळेपर्यंत ऐकायचे. तेव्हापासून या घरात ही रीत होती. बोलणाऱ्याचे तोंड मोकळे. ऐकणाऱ्यांच्या जिभेखाली वाटाण्याएवढा खडा. सगळ्यांचे खडे विरघळल्याशिवाय कुणी उत्तर द्यायचे नाही. आणि ज्याने घाईने खडा दातांखाली फोडला, त्याचा शब्द त्या दिवसापुरता गेला.

ठमाबाई, नाथाची थोरली बहीण, या रीतीची धनीण होती. पंढरीचे ऐकून तिने मडके पुढे ओढले. त्यावरचे फडके सोडताना ती पुटपुटली, "सणाच्या दिवशी काढायला लावलंस. बरं. भरतीला अजून वेळ हाय."

ओटीवर माणसे जमली. नाथा खांबाला टेकून बसला, कापणारा हात डाव्या हाताखाली दाबून. त्याच्या समोर धाकटा भाऊ महिपत, कल्याणचा. आगगाडीच्या रुळांखाली घालायची खडी पुरवण्याचे काम मिळाल्यापासून महिपत लाल पगडी बांधी, सुकट खात नसे आणि बोलताना ठाण्याच्या कचेरीतल्या कारकुनांसारखे शब्द वापरी. त्याच्या शेजारी त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा मारुती, अजून अर्धा झोपेत. दाराशी राघो बसला. तो घरचा नव्हता. पण बांधावर चिखल टाकत त्याचे केस पांढरे झाले होते, आणि दोन वर्षांपूर्वी बांधाचे खिंडार बुजवताना दगडाखाली सापडलेला त्याचा डावा पाय आता तिरका पडे. मडके निघाले की त्यालाही खडा मिळे, आजोबांच्या वेळेपासून.

सखुबाई आतल्या दाराच्या चौकटीत. आणि तिच्या मागे, सूप घेऊन, गोदा. पंढरीची थोरली बहीण. सासरी दोन वर्षे राहून, नवरा गेल्यावर परत आलेली. त्याला आता नऊ वर्षे झाली होती. ती तांदूळ पाखडत होती, आणि ते थांबवायला तिला कुणी सांगितले नाही.

"काय झालं काय?" महिपत म्हणाला. "दादा, मडकं कशाला? आज शुभ दिवस आहे."

"मला ठाऊक नाय," नाथा म्हणाला. "पंढरीनं काढलंय."

सगळ्यांनी पंढरीकडे पाहिले. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ठमाबाईने खडे वाटले. नाथाने हात पुढे केला तेव्हा खडा हातातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा ठमाबाईने तो स्वतःच त्याच्या तोंडात ठेवला, लहानपणी भावाला भरवावे तसा. मोठा खडा होता. मग ती म्हणाली, "बोल रे."

पंढरीने सगळ्यांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिले. वर्गात पोरे बडबडत असत. इतके पूर्ण मौन त्याला आयुष्यात कुणी दिले नव्हते.

"दोन वर्षांपूर्वी," त्याने सुरुवात केली, आणि आवाज फाटला म्हणून पुन्हा केली. "दोन वर्षांपूर्वी, भाद्रपदातल्या अमावास्येच्या आधी तीन दिवस, मी उघाडीच्या उत्तरेला बांधावर होतो. आतल्या अंगाला एक बीळ दिसलं. खेकड्याचं. मूठ जाईल एवढं. त्यातून पाणी झिरपत होतं. अगदी बारीक धार, उन्हात चमकत होती. मी ती बराच वेळ बघत बसलो, कारण ती सुंदर दिसत होती."

कुणी हसले नाही.

"मग घरी आलो, सांगायचं म्हणून. बा जेवायला बसले होते. राघोदादा ओटीवर होता. बा म्हणाले, भरती मोठी आहे, पण धनी बसलाय, बांधाला काय होतंय. आणि मी गप्प राहिलो. मला तेव्हा ते खरं वाटलं. वाटलं, बिळाचं नाव काढलं तर पोराचा धनीवर भरवसा नाही असं होईल. तिसऱ्या दिवशी दुपारी बांध तिथूनच गेला. भाताची खाचरं खारी झाली. राघोदादाचा पाय गेला. बा म्हणाले, धनी कुणावर तरी रुसला. मी तेही ऐकून घेतलं."

गोदाचे सूप थांबले होते.

"देव नाही असं मला म्हणायचं नाही. आहे की नाही हे मला ठाऊक नाही, एवढंच. रात्री कधी वाटतं आहे. शाळेच्या वाटेवर चालताना वाटतं की नसावा, आणि तेव्हा खाडी फार मोठी दिसते. पण बांध कशानं उभा आहे ते मला ठाऊक आहे. तो चिखलानं उभा आहे, आणि बीळ दिसल्यावर जो बोलतो त्याच्यामुळे. मी बोललो नव्हतो. आता दगडापुढे उभं राहून, तू आहेस म्हणून बांध आहे, असं ओरडून सांगायचं म्हणजे मी पुन्हा गप्प बसल्यासारखं होईल. बा, तुमचा मान मला नको असं नाही. मला तो खोटं बोलून नको."

बोलून झाले. त्याने बापाकडे पाहिले नाही. त्याच्या पायांकडे पाहिले. टाचांच्या भेगांत जुने मीठ भरलेले, कितीही धुतले तरी न जाणारे. हेच पाय पहाटे बांधावर पुढे चालत आणि लहानगा पंढरी त्यांच्या ठशांत आपले पाऊल ठेवत मागून जाई. आज त्या ठशांबाहेर पाऊल पडले होते आणि पायाखाली काय आहे ते अजून कळत नव्हते.

खडे विरघळत होते. कुणाच्या तरी घशाचा घोट वाजला. मारुतीने तोंड वाकडे केले. अंगणात कोंबडी कचरा उकरत होती. उत्तर द्यायची मुभा नसली की माणसाचा चेहरा किती वेळा बदलतो, हे पंढरीला प्रथमच दिसले: महिपतकाका आधी चमकला, मग त्याला काहीतरी सुचले, मग तो प्रसन्न झाला. राघो जमिनीकडे पाहत होता. आईच्या डोळ्यांत पाणी होते, पण ते मिठाचेही असू शकत होते. आणि बा. बापाचा चेहरा काही सांगत नव्हता. फक्त दाबून धरलेला हात सुटून मांडीवर आला होता, आणि थरथरत होता, आणि त्याने तो लपवला नाही.

ठमाबाईने एकेकाला जीभ दाखवायला लावली. पाण्याचा तांब्या फिरला.

महिपतने आधी बोलायची पाळी मागितली. नवे खडे वाटले गेले.

"पंढरी, तू शहाणा आहेस," तो म्हणाला. "मी हेच वर्षानुवर्षं सांगतो आहे. शेंदूर फासलेला दगड, आणि त्याच्यापुढे ओरडायचं. कल्याणला मी कुणाला सांगतसुद्धा नाही. अरे, आपण आता कोण आहोत? चार माणसांत बसतो, उठतो. कल्याणहून भटजी आणू, यथासांग वरुणाची पूजा करू, संकल्प सोडू. आणि पंढरीची इच्छा नसेल तर त्याच्यावर सक्ती कशाला? माझा मारुती बसेल पूजेला. मारुतीनं मान घ्यावा. घराण्याचाच आहे."

पंढरीला वाटले, आपल्या तोंडातून निघालेली गोष्ट कुणी उचलून भलत्याच घरात नेऊन ठेवली. सोबती मिळाला होता, आणि त्याच्याशेजारी बसवत नव्हते.

पुन्हा मौन, पुन्हा तांब्या.

"मारुती, तुझं काय?" नवे खडे वाटत ठमाबाईने विचारले.

"माझं?" मारुती दचकला. "मला कुठं काय वाटतं, आत्या?"

"काहीतरी वाटतच असेल. एवढा मोठा घोडा झालास."

मारुतीने बापाकडे पाहिले. बापाच्या तोंडात खडा होता. त्यामुळे धीर आला असावा. "खरं सांगू? मला चिखलाची किळस येते. पाय आत जातो ना, तेव्हा खालून कुणीतरी ओढतंय असं वाटतं. धनी असला तर तोच ओढत असेल. मला कल्याणच्या ठेसनावरची घंटा आवडते. ती झाली की गाडी येते. माझा एवढाच भरवसा हाय. मला मान-बिन नको."

चौकटीत सखुबाईचा पदर तोंडावर गेला आणि खांदे हलू लागले. खडा तोंडात असताना हसणे कठीण असते. नाथाच्याही मिशीला किंचित हालचाल झाली. महिपत मात्र पगडीखाली लाल झाला.

मग राघोने घसा खाकरला. "मी बोलू का?"

"तुला खडा मिळालाय म्हणजे तुझी पाळी हायच," ठमाबाई म्हणाली. "थांब. विरघळू दे."

विरघळला, नवे खडे वाटले गेले. राघो तिरका पाय हाताने उचलून नीट ठेवत बोलू लागला.

"त्या बिळाचं. ते मी पण बघितलं होतं."

पंढरीने मान वर केली.

"बांध जायच्या आदल्या दिवशी. म्हटलं, सांज झाली, उद्या बुजवू. दुसऱ्या दिवशी माझ्या मेव्हणीकडे जेवण होतं. मी गेलो. मग बांध गेला. दगड पायावर पडला तेव्हा मला वाटलं, फेडलं. म्हणून कुणाजवळ बोललो नाय." त्याने पंढरीकडे पाहिले. "तू पोरा, दोन वर्षं माझ्या पायाकडे बघून नजर खाली घालतोस. मला वाटायचं, लंगड्याची कीव करतोस. राग यायचा. तू आपलं घेऊन बसला होतास, आणि मी माझं. धनीचं म्हणशील तर मी त्याला मानतो. पण बीळ माझ्याकडून राहिलं. त्याच्यावर कशाला घालू?"

पंढरीला उत्तर द्यायचे होते. जिभेखाली खडा होता. तो खारटपणा हळूहळू घशात उतरत गेला आणि त्याबरोबर राघोचे शब्दही. लगेच काही बोलता आले असते तर ते इतके खोल गेले नसते, असे त्याला वाटले. दोन वर्षे ज्या पायाने त्याला झोपू दिले नव्हते, त्या पायाचा धनी त्याच्याकडे पाहून ओशाळे हसत होता.

"वहिनी?" खडे विरघळल्यावर महिपतने विचारले, भावाचा निर्णय जरा लांबावा म्हणून.

"माझं काय," सखुबाई म्हणाली. "मी धनीला कधी भ्याले नाय. ह्यांना भिते. सकाळी उठल्यावर ह्यांचा आवाज बरा असला की माझा दिवस बरा. दिवा मी लावते, कारण तो लावला की ह्यांचा आवाज बरा असतो. बस, एवढंच हाय." आणि नाथाकडे न पाहता ती आत जायला वळली.

तेव्हा गोदा पुढे आली.

तिने सूप खाली ठेवले होते. कोपरापर्यंत हातांना तांदळाची धूळ. ती चौकट ओलांडून ओटीवर आली आणि ठमाबाईसमोर उभी राहिली. "आत्या, मला कुणी विचारलं नाय. खडे वाट."

ठमाबाईने तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि मडक्यात हात घातला.

"त्या आठवड्यात," गोदा म्हणाली, "दक्षिणेकडची दोन बिळं मी बुजवली. चिखल, वर पेंढा, वर पायानं दाबून. उत्तरेला गेले नाय, म्हणून ते राहिलं. नऊ वर्षं मी बांधावर जाते. तुम्हाला वाटतं शेणी आणायला जाते. तेही आणते. बीळ दिसलं की आधी धनीला सांगते, तुझं कातडं फाटलंय, शिवते. मग शिवते. मला तो हाय. मला तो इथं हाय," तिने पांढरा हात छातीवर ठेवला, तिथे धुळीचा ठसा उमटला. "सासरहून आले तेव्हा घरात सगळी माझ्याशी हळू बोलत होती. आजाऱ्याशी बोलतात तशी. तिथं बांधावर जाऊन मी त्याला शिव्या घातल्या. मोठ्यानं. त्याला काय वाटलं नाय. तेव्हापासून तो माझा."

"पंढरी, तू म्हणतोस चिखलानं बांध उभा हाय. माझ्या हातात चिखल असतो आणि तोंडात त्याचं नाव असतं. त्यातलं एक काढून टाक असं मला कुणी सांगितलं नाय. तुला ते म्हणवत नाय, म्हणू नको. तू खोटं बोलणारा नव्हतासच. पण मला ते म्हणता येतं, बा. मनापासून. नारळ माझ्या हातानं एका घावात फुटतो, हे आय सांगेल. मला म्हणू दे."

कट्.

आवाज लहान होता, पण ओटीवर सगळ्यांनी ऐकला. महिपतने खडा फोडला होता. "बाईमाणूस? बांधावर? विधवा! अरे, लोक काय..."

"महिपत," ठमाबाई म्हणाली, "कट् झालं."

"ताई, हा पोरखेळ..."

"आपल्या आईनंसुद्धा एकदा फोडला होता, आणि गप्प बसली होती. मी तिथंच होते. पाणी पी."

महिपतने भावाकडे पाहिले. भावाच्या तोंडातला खडा अजून विरघळला नव्हता. महिपत पाणी प्याला.

पंढरी बहिणीकडे पाहत होता. पंधरा दिवस त्याने मनात हे भाषण रचले होते, आणि त्या पंधरा दिवसांत रोज सकाळी तिच्या हातचा पाण्याचा लोटा घेऊन तो शाळेला निघाला होता. तिला काय वाटते हे विचारावे, असे एकदाही सुचले नव्हते. घरात आपणच एकटे काहीतरी मनात बाळगून आहोत, या समजुतीत एक गोड दुःख होते. ते त्याने जपले होते. आता ते हातातून गेले. त्याच्या जागी जे आले त्याला काय म्हणावे हे कळेना, पण ते बरे वाटत होते.

बऱ्याच वेळाने नाथाने जीभ दाखवली. सगळे त्याच्याकडे वळले. ठमाबाईने मडक्यात हात घालताच तो म्हणाला, "राहू दे. थोडंच बोलायचंय."

"रीत हाय," ठमाबाई म्हणाली, आणि खडे वाटले.

"धनी हाय," नाथा म्हणाला. "मी त्याला बघितलाय. कुणी हसायचं नाय. मी बारा वर्षांचा होतो, पाण्यात पडलो होतो, आणि त्यानं धरलं. तुम्ही म्हणाल मूळ असेल, दोर असेल. मला हात लागला होता. ते माझ्यापासून कुणी घेऊ शकत नाय, आणि पंढरीनं घेतलं पण नाय. मला वाटलं होतं, घेईल. म्हणून तो बोलत होता तेव्हा खडा मी मुद्दाम गालात सरकवला, लवकर विरघळून उत्तर द्यावं लागू नये म्हणून. मला एका गोष्टीचं वाईट वाटलं. पोरगं बीळ बघून घरी येतं, आणि माझ्या जेवणाच्या आवाजानं गप्प होतं. असा कसा बापूस मी?"

पंढरीच्या तोंडात खडा होता. त्याला "नाही, असं नाही" एवढेही म्हणता येत नव्हते. कदाचित त्यामुळेच नाथाला ते बोलता आले.

"वाक्य खोटं म्हणायचं नाय. ते धनीला नको, मला पण नको. गोदा म्हणेल." मग त्याने राघोकडे पाहिले. "आणि उघाडी राघो उचलेल. बांध त्याच्या पायावर उभा हाय." हे म्हणताना तो हसला, आणि राघोही हसला, डोळे पुसत.

मध्यान्ही सगळे बांधावर होते. खाडी काठोकाठ भरून, आवाज न करता, उंच होत चालली होती; पलीकडच्या तिवरांचे बुंधे बुडाले होते आणि फक्त पानांचे झुबके पाण्यावर बसल्यासारखे दिसत होते. वाफे कोरडे, सारवलेल्या अंगणासारखे गुळगुळीत, वाट पाहत होते. महिपत थोडा दूर, पगडी सावरत उभा होता. पण आला होता. मारुतीने चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि चिखल नसलेली जागा शोधत पावले टाकीत होता.

गोदाने ओचा खोचला. नारळ डोक्यावर धरून एकदाच दगडावर आपटला. दोन शकले, आतले पाणी शेंदरावर. मग तिने म्हटले. बापाने म्हटले असते तसे गंभीर नव्हे. दूरच्या शेतातल्या माणसाला जेवायला हाक मारावी, तसे. खाडीवरचे दोन बगळे उडाले. राघोने खांदा लावून फळी वर ओढली आणि पहिले पाणी गढूळ फेस घेऊन वाफ्यात शिरले, कोपऱ्याकोपऱ्यांत पसरत गेले, आणि थोड्याच वेळात त्यात आकाश दिसू लागले.

सखुबाईने खोबरे वाटले. राघोने त्याचा तुकडा पंढरीच्या हातावर ठेवला आणि तळवा क्षणभर तिथेच राहू दिला. मग ठमाबाईने सगळ्यांना घराकडे पिटाळले. भाकऱ्या गार होत होत्या.

नाथा निघाला नाही.

"बीळ कुठं होतं?" त्याने विचारले.

पंढरी पुढे चालू लागला. उघाडीच्या उत्तरेला तीस पावले. तिथे आता नवा बांध होता, जुन्यापेक्षा फिकट, त्यावर कोवळी लव्हाळी आलेली. नाथा गुडघे मोडून बसला. कापणारा हात त्याने चिखलावर टेकला; ओल्या मातीवर तो हात जरा शांत झाला.

"इथं?"

"थोडं खाली. पाणी इथून येत होतं."

"आणि तू बघत बसलास. सुंदर दिसत होतं म्हणून."

"हो."

नाथाने मान हलवली. दोघे शेजारी बसले. उतारावर खाली पाणी चढत होते. पंढरीला वाटले, आता उठून जावे लागेल. घरी सगळी वाट पाहत असतील. पण बापाने उठायचे नाव काढले नाही.

"तू म्हणालास," नाथा म्हणाला, "शाळेच्या वाटेवर तुला वाटतं तो नसावा. आणि खाडी मोठी दिसते."

"हो."

"मोठी म्हणजे कशी?"

पंढरीने तोंड उघडले, मग मिटले. ही गोष्ट त्याने अजून कधी वाक्यात आणली नव्हती; एकट्यानेही नाही.

"सांग," बाप म्हणाला. "सावकाश सांग. मला ऐकायला वेळ लागतो."